द्विमितीत फेज ट्रान्झिशन असते की नसते? आधी स्पिनला किती मोकळीक आहे ते बघ

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारा निपाणीकडचा, बेळगावात एमएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या सत्राला. प्रोजेक्टचा विषय 'द्विमितीय चुंबकाचा फेज डायग्राम'. एका पुस्तकात त्याने वाचले की द्विमितीत शून्याच्या वर कुठल्याही तापमानाला चुंबकीय क्रम टिकत नाही. दुसऱ्या पुस्तकात ऑन्सागरने द्विमितीय आयझिंग मॉडेल सोडवून ट्रान्झिशन (ठरावीक तापमानाला पदार्थाची अवस्था बदलणे) दाखवल्याचे आहे. आणि स्वतः लॅपटॉपवर ३२ × ३२ च्या लॅटिसवर (बिंदूंच्या जाळीवर) एक्सवाय मॉडेल चालवले, तर मॅग्नेटायझेशन (एकूण चुंबकत्व) चांगले दिसते, तापमानाबरोबर सावकाश उतरते आणि स्पेसिफिक हीटचे शिखर १.१ च्या आसपास येते. "तिघांत खरे कोण? डायग्रामवर रेघ कुठे मारू? एक्स्टर्नलला (बाहेरच्या परीक्षकाला) काय सांगू?"

एमएस्सीला आहेस म्हणजे माझ्या वर्गातल्या पोरांच्या वयाचा, तेव्हा अरे-तुरे करतो, राग मानू नकोस.

तिघेही खरे आहेत. रेघ १.१ ला मारायची, एवढेच चुकीचे आहे. तुझा गोंधळ होतोय तो 'द्विमिती' या एका गोष्टीवर सगळा भार टाकल्यामुळे. लॅटिस किती मितींची आहे हे सांगितले की निम्मीच माहिती सांगून होते. राहिलेली निम्मी म्हणजे स्पिनला (जाळीच्या प्रत्येक बिंदूवरच्या छोट्या चुंबकाला) वळायला किती मोकळीक आहे आणि एका स्पिनचा प्रभाव किती लांब पोचतो. व्हायवात (तोंडी परीक्षेत) कुणी "सर, द्विमितीत..." असे वाक्य सुरू केले की मी तिथेच अडवतो: कुठला स्पिन? वर-खाली एवढेच करणारा, की कागदावर गोल फिरणारा?

आधी वर-खालीवाला, म्हणजे आयझिंग. लेन्झने १९२० मध्ये हे मॉडेल सुचवले आणि त्याचा विद्यार्थी आयझिंग याने एकमितीतले उत्तर काढून १९२५ मध्ये छापले: ट्रान्झिशन नाही. त्यावरून त्याने वरच्या मितींतही नसणार असा तर्क केला, तो चुकला. द्विमितीत का असते ते पायर्ल्सने १९३६ मध्ये दाखवले, आणि तो युक्तिवाद तू व्हायवात फळ्यावर दोन मिनिटांत करू शकतोस. सगळे स्पिन वर असताना मध्ये खाली वळलेल्यांचे एक बेट तयार झाले असे धर. त्याच्या काठाची लांबी एल असेल तर ऊर्जेचा खर्च २ × जे × एल (जे म्हणजे दोन शेजारी स्पिनमधल्या जोडणीचा जोर). काठ कसकसा वळू शकतो याचे पर्याय फार तर ३ चा एलवा घात, म्हणजे एन्ट्रॉपीचा फायदा सुमारे एल गुणिले लॉग ३ (लॉग सगळीकडे नैसर्गिक). खर्च आणि फायदा दोन्ही एलच्याच प्रमाणात वाढतात, म्हणून थंडीत खर्च जिंकतो आणि मोठी बेटे तयार होत नाहीत. दोन्ही बाजू जिथे बरोबरीत येतात ते तापमान १.८२ निघते (सगळी तापमाने जे भागिले बोल्ट्झमन स्थिरांक या एककात). एवढ्या ढोबळ हिशेबाला हे काही वाईट नाही. अचूक आकडा २ भागिले लॉग (१ + वर्गमूळ २), म्हणजे २.२६९. तो क्रॅमर्स आणि वॅनियर यांना १९४१ मध्ये सममितीच्या युक्तीने मिळाला आणि १९४४ मध्ये ऑन्सागरने पूर्ण उत्तर काढले.

आता तुझा एक्सवाय. इथे स्पिन हव्या त्या कोनात वळतो, त्यामुळे बेटाला धारदार काठ लागत नाही. शेजाऱ्या-शेजाऱ्यांत अर्धा-अर्धा अंशाचा फरक ठेवत दिशा हळूहळू बदलत नेता येते आणि ऊर्जेचा खर्च नगण्य राहतो. तू निपाणीकडचा, तंबाखूची लावण पाहिली असशील. दोरी न धरता प्रत्येक रोप फक्त शेजारच्या रोपापासून हाताने अंतर मोजून लावले तर जवळून सगळे सरळच दिसते. बांधावरून बघितले की लांबचे रोप आपल्या जागेवरून सरकलेले असते. द्विमितीत ही सरक किती वाढते? कोनाच्या फरकाचा वर्ग, सरासरीत, लॅटिसच्या बाजूच्या लॉगच्या प्रमाणात वाढतो. एकमितीत तो थेट लांबीबरोबर वाढतो, त्रिमितीत वाढायचा थांबतो. मर्मिन आणि वॅग्नर यांनी १९६६ मध्ये सिद्ध केले ते हेच: मोकळेपणी फिरणारा स्पिन, जवळच्या जवळ पोचणारा प्रभाव आणि दोन किंवा कमी मिती असतील, तर शून्याच्या वर अनंत लॅटिसवर मॅग्नेटायझेशन शून्य. आयझिंगला हे प्रमेय लागूच होत नाही, कारण तिथे स्पिन फिरत नाही. पुस्तकांचे भांडण इथे मिटले.

मग तुझ्या लॅपटॉपवर मॅग्नेटायझेशन कुठून आले? 'अनंत लॅटिस' आणि 'लॉग' हे दोन शब्द एकत्र वाच. लॉग इतका आळशी आहे की अनंत कधी येतच नाही. ट्रान्झिशनच्या तापमानाला मॅग्नेटायझेशन लॅटिसच्या बाजूच्या १/८ घाताने कमी होते. बाजू १०० असेल तर सुमारे ०.५६ उरते. बाजू दहा कोटी अणूंची केलीस, म्हणजे खऱ्याखुऱ्या पदार्थाचा जेमतेम तीन सेंटिमीटरचा तुकडा घेतलास, तरी सुमारे ०.१ उरतेच. आणि हे ट्रान्झिशनच्या ऐन तापमानाला. त्याखाली तर याहून जास्त. तेव्हा प्रमेय अगदी बरोबर आहे आणि तुझा प्रोग्रॅमही बरोबर आहे. लॅटिस १६, ३२, ६४, १२८ अशी वाढवत तेच तापमान चालव, आणि मॅग्नेटायझेशन व बाजू दोन्हींचे लॉग घेऊन आलेख काढ. सरळ उतरती रेघ येईल. ती रेघच तुझा निष्कर्ष. एकट्या ३२ वरच्या आकड्यावरून इकडे ना तिकडे, काहीच सिद्ध होत नाही.

मॅग्नेटायझेशन शून्य म्हणजे ट्रान्झिशनही नाही, असे १९६६ नंतर बऱ्याच जणांना वाटू लागले होते. ते चूक ठरवणारी तीन नावे बेरेझिन्स्की, कोस्टरलिट्झ आणि थाउलेस. पहिल्याचे काम १९७१ च्या आगेमागे सोव्हिएत संघात झाले, दुसऱ्या दोघांचे १९७३ मध्ये इंग्लंडात. कोस्टरलिट्झ आणि थाउलेस यांना २०१६ चे नोबेल मिळाले, हाल्डेनबरोबर. बेरेझिन्स्की १९८० मध्येच वारला होता. त्याचे नाव गाळून 'केटी ट्रान्झिशन' लिहिणारे अजून आहेत. तू 'बीकेटी' लिही.

त्यांचे म्हणणे सोपे आहे: बघायचे ते भोवऱ्यांकडे. हे तुझ्या स्क्रीनवरच दिसेल. लॅटिसचा एक छोटा चौकोन घे, त्याचे चार कोपरे क्रमाने फिर, दर दोन स्पिनच्या कोनांतला फरक उणे १८० ते अधिक १८० अंशांत आणून बेरीज कर. बहुतेक चौकोनांत शून्य येते. कुठे कुठे ३६० येते, तिथे भोवरा. उणे ३६० आले तर उलटा भोवरा. आता ०.८ तापमानाचे चित्र काढ आणि भोवऱ्यांवर लाल, उलट्यांवर निळा ठिपका दे. ठिपके मोजकेच दिसतील आणि जवळजवळ प्रत्येक लाल ठिपक्याला खेटून एक निळा असेल. मग १.१ चे चित्र काढ. ठिपके भरपूर, पण कोण कुणाचा जोडीदार ते सांगता येत नाही. माझ्या मते प्रोजेक्टच्या अहवालातले सगळ्यात बोलके पान ही दोन चित्रे शेजारी शेजारी छापलेले असते, आणि बहुतेक पोरे तेच पान गाळतात.

इथला हिशेबही फळ्यावर मावतो. एकट्या भोवऱ्याची ऊर्जा पाय (π) × जे × लॉग एल, इथे एल म्हणजे लॅटिसची बाजू, आणि तो कुठेही बसू शकतो म्हणून एन्ट्रॉपी २ × लॉग एल. पुन्हा दोन्ही बाजू एकाच प्रकारे वाढतात, या वेळी लॉगने. बरोबरी होते ती पाय भागिले २, म्हणजे १.५७ ला. प्रत्यक्षात चौकोनी लॅटिसवर ट्रान्झिशन ०.८९३ ला होते, कारण जोड्या आणि स्पिनच्या लाटा मिळून लॅटिसचा ताठपणा आधीच कमी करून ठेवतात. एक्स्टर्नल हमखास विचारतात की १.५७ आणि ०.८९३ मध्ये एवढा फरक का. उत्तर हे.

रेघ १.१ ला का मारायची नाही तेही यातच आले. बीकेटी ट्रान्झिशनच्या जागी स्पेसिफिक हीटमध्ये डोळ्यांना काहीच दिसत नाही. शिखर येते ते वर, मोठ्या लॅटिसवर १.०४ च्या आसपास, आणि लॅटिस कितीही वाढवली तरी ते उंच होत नाही. जोड्या सुटल्यावर भोवरे झपाट्याने वाढतात, त्याची ती खूण आहे. आयझिंगमध्ये शिखर लॅटिसबरोबर वाढत जाते, म्हणून तिथे त्यावर विसंबता येते. ती सवय इथे आणू नकोस.

इथे मोजायचा तो ताठपणा, म्हणजे हेलिसिटी मॉड्युलस. लॅटिसच्या एका टोकाला किंचित पीळ दिला तर ऊर्जा किती वाढेल, याचे ते माप. पीळ प्रत्यक्ष द्यावा लागत नाही: आडव्या बंधांवरच्या कोसाइनची सरासरी आणि त्याच बंधांवरच्या साइनच्या बेरजेच्या वर्गाची सरासरी, या दोन गोष्टी रोजच्या मोजणीत गोळा कर, त्यातून ते निघते. नेल्सन आणि कोस्टरलिट्झ यांनी १९७७ मध्ये दाखवले की ट्रान्झिशनला हा ताठपणा सावकाश शून्य होत नाही. तो २ भागिले पाय गुणिले तापमान या किमतीवरून एकदम शून्यावर पडतो. बिशप आणि रेपी यांनी १९७८ मध्ये मायलरच्या पट्टीवर बसलेल्या हेलियमच्या अतितरल थरात ही उडी मोजली. आलेखावर ती सरळ रेघ काढ, तुझ्या वक्राला ती जिथे छेदते ते तापमान नोंद. लहान लॅटिसवर छेद ०.८९३ च्या वर येतो आणि लॅटिस वाढेल तसा खाली सरकतो. तोही लॉगच्याच चालीने, त्यामुळे १२८ वर नेमके ०.८९३ आले नाही म्हणून घाबरू नकोस. आलेच तर मला आधी प्रोग्रॅमचा संशय येईल!

आता डायग्राम. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत लोखंड-कार्बनचा तक्ता वापरतात तो पाहिला असशील: आडवे कार्बन, उभे तापमान, ४.३ टक्क्यांना ११४७ अंशांवर युटेक्टिक (सगळ्यात कमी तापमानाला वितळणारे मिश्रण), खाली ७२७ ची आडवी रेघ. तिथे दोन फेज शेजारी शेजारी नांदतात आणि रेघ ओलांडताना उष्णता द्यावी-घ्यावी लागते. तुझ्या डोक्यात तसेच चित्र आहे आणि एक्सवायमध्ये तू तसलीच रेघ शोधतोयस. द्विमितीय आयझिंगचा डायग्राम तापमान आडवे आणि चुंबकीय क्षेत्र उभे घेऊन काढलास, तर शून्य क्षेत्रावर एक रेघ मिळते. ती ओलांडली की मॅग्नेटायझेशन चिन्ह बदलते, आणि २.२६९ ला ती क्रिटिकल बिंदूत (जिथे क्रम टिकणे आणि मोडणे यांची सीमा असते) संपते. एक्सवायमध्ये त्याच जागी शून्यापासून ०.८९३ पर्यंतचा प्रत्येक बिंदू क्रिटिकल आहे. अख्खी रेघच. खालच्या भागात लांबच्या दोन स्पिनच्या दिशांतला सहसंबंध अंतराच्या घाताने उतरतो, वर तो घातांकी वेगाने मरतो. डायग्रामवर खालच्या भागाला 'फेरोमॅग्नेट' लिहिलेस तर गुण जातील; 'क्वासी-लाँग-रेंज ऑर्डर' लिही.

एका मॉडेलवर एक बिंदू एवढ्याने डायग्राम होत नाही. म्हणून माझा सल्ला: क्लॉक मॉडेल घे. तुझाच एक्सवाय प्रोग्रॅम, फक्त स्पिनला क्यू ठरावीक दिशाच द्यायच्या, घड्याळातल्या आकड्यांसारख्या समान अंतरावर. आडव्या अक्षावर क्यू, उभ्यावर तापमान. क्यू २ म्हणजे सरळ आयझिंग, २.२६९. क्यू ३ ला १.४९२. क्यू ४ हे दोन स्वतंत्र आयझिंग अर्ध्या जोरावर, म्हणून बरोबर निम्मे, १.१३५. हे तिन्ही अचूक माहीत आहेत, तेव्हा प्रोग्रॅम तपासायला फुकटचे मापदंड मिळाले. क्यू ५ पासून गंमत: एकाऐवजी दोन ट्रान्झिशन. हे होझे, कडॅनॉफ, कर्कपॅट्रिक आणि नेल्सन यांनी १९७७ मध्ये दाखवले. क्यू ६ ला ती साधारण ०.७० आणि ०.९० ला येतात. पुढे क्यू वाढेल तशी खालची रेघ शून्याकडे घसरते, वरची ०.८९३ वर टेकते. म्हणजे तुझी दोन भांडणारी पुस्तके एकाच कागदावर आली: डाव्या टोकाला ऑन्सागर, उजव्या टोकाला मर्मिन-वॅग्नर.

क्यू ६ मध्ये एक गोष्ट जरूर कर. प्रत्येक मोजणीला एकूण मॅग्नेटायझेशनचे दोन घटक घेऊन कागदावर एक ठिपका टाक. ०.५ तापमानाला सहा दिशांना घट्ट पुंजके दिसतील. ०.८ ला पुंजके विरघळून पूर्ण कडे होते: लांबी आहे, दिशा ठरलेली नाही. १.२ ला कडे मिटून मधोमध गोळा होतो. ते मधले कडे म्हणजेच तुझ्या ३२ × ३२ वरचे 'छान येणारे' मॅग्नेटायझेशन. लॅटिस वाढव, कड्याची त्रिज्या आक्रसताना दिसेल.

प्रोजेक्ट नुसत्या मॉडेलचा आहे की एखाद्या खऱ्या पदार्थाचा, हे तू लिहिले नाहीस, आणि उत्तर त्यावर अवलंबून आहे. खऱ्या स्फटिकात एखादी दिशा लाडकी असते. लावणीत दोरी धरल्यासारखेच ते. क्रोमियम ट्रायआयोडाइडचा एकच थर ४५ केल्विनच्या खाली फेरोमॅग्नेट होतो हे २०१७ मध्ये दिसले. तिथे स्पिनला थराला उभे राहणेच पसंत आहे, म्हणून ते आयझिंगकडे झुकते आणि प्रमेय आड येत नाही. उलट निकेल फॉस्फरस ट्रायसल्फाइडमध्ये स्पिन बराच मोकळा आहे. २०१९ च्या प्रयोगात दोन थरांत टिकलेला चुंबकीय क्रम एका थरात दबलेला दिसला. गाइडने पदार्थाचे नाव दिले असेल तर आधी ही आवड-निवड किती जोराची आहे ते शोध, मग मॉडेल निवड.

"मग ग्राफीनचा थर तरी कसा टिकतो?" हाही प्रश्न येऊ शकतो. द्विमितीय स्फटिकात जागांचा क्रम लॉगने बिघडतो, पण बंधांच्या दिशेचा क्रम टिकू शकतो. शिवाय तुकडा लहान आहे आणि थराला तिसऱ्या मितीत लाटा घेता येतात. वितळण्याच्या विषयात मात्र शिरू नकोस. सपाटीवरच्या कडक चकत्यांवर मेट्रोपोलिसच्या चमूने १९५३ मध्ये २२४ कण घेऊन सुरुवात केली आणि तो वाद बर्नार्ड व क्राउथ यांनी २०११ मध्ये मिटवत आणला. एका सत्रात तुझ्याने व्हायचे नाही ते.

लॅपटॉपचे. मेट्रोपोलिस पद्धत (एकेक स्पिन सुटा बदलून बघायची) ट्रान्झिशनजवळ रांगते. वुल्फची १९८९ ची क्लस्टर पद्धत घाल, ती स्पिनचा अख्खा पुंजका एका आरशात एकदम उलटवते. क्लॉकसाठी आरसा असा निवड की उलटलेला स्पिन पुन्हा क्यू दिशांपैकीच एकीवर पडेल. सुरुवात सगळे स्पिन एका दिशेला ठेवून कर. वेड्यावाकड्या स्थितीतून एकदम थंड केलेस तर भोवरे अडकून बसतात, ऊर्जा खाली येत नाही आणि गरम करतानाचे व थंड करतानाचे वक्र वेगळे दिसतात. त्याला फर्स्ट-ऑर्डर (एकदम उडी मारणारे) ट्रान्झिशन समजून आनंदाने अहवाल लिहिलेली पोरे मी पाहिली आहेत. क्यू २ ते ४ साठी बिंडरचा क्युम्युलंट (मॅग्नेटायझेशनच्या चौथ्या आणि दुसऱ्या घातांच्या सरासरींतून निघणारा आकडा) काढ, वेगवेगळ्या लॅटिसचे वक्र जिथे छेदतात ते ट्रान्झिशनचे तापमान. आयझिंगला छेद ०.६१ च्या उंचीवर आला पाहिजे. आणि स्थितीची फाइल थोड्या थोड्या वेळाने डिस्कवर लिहीत जा. आपल्याकडे पावसाळ्यात लाईट कधी जाईल सांगता येत नाही, आणि जुन्या लॅपटॉपची बॅटरी रात्रभर तग धरत नाही.

वेळ कमी असेल तर क्यू ५ सोडून दे. तिथली दोन ट्रान्झिशन ०.९१ आणि ०.९५ अशी इतकी खेटून आहेत की १२८ च्या लॅटिसवर ती वेगळी करता करता सत्र संपेल. २, ३, ४, ६, ८ आणि पूर्ण एक्सवाय एवढे पुरे, त्यातही ६ नीट कर.